लाल झाकण

पावसाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली, तेव्हा कोरिन टीबो सातव्या गाईपाशी उकिडवी बसली होती. दूध ओढणाऱ्या पंपाचा सूर खाली खाली येत बंद पडला, सडांना लावलेले चारही कप फुस्स करून गळाले आणि शेणात पडले. गाईनं मान वळवून कोरिनकडं पाहिलं. जणू हिनंच काहीतरी केलं होतं.

पाऊस तरी कसला! पडलेला थेंब वाहतच नव्हता, जिथं पडेल तिथं काच होऊन बसत होता. कुंपणाची तार मनगटाएवढी जाड झाली होती. गोठ्याची कडी हातोडीनं ठोकल्याशिवाय सुटत नव्हती. रस्त्यापलीकडच्या रानात मेपलची झाडं आपल्याच वजनानं कडाडून मोडत होती. बर्फाचं इथं कुणाला कौतुक नाही. छातीएवढ्या बर्फातून टपाल आणायला जाणारी ही माणसं. पण या पावसापुढं सगळ्यांचं शहाणपण संपलं होतं. विजेचे खांब एकामागून एक रस्त्यावर आडवे झाले होते.

शेहेचाळीस गाईंपैकी चाळीस अजून तटतटलेल्या. गाईला सांगून चालत नाही की बाई, आजच्या दिवस थांब. दूध वेळेवर निघालं नाही तर कास दगड होते, मग ताप येतो, आणि मग गाय हातची जाते. कोरिननं बॅटरी पेटवली आणि अंगणातून बुटांखाली चुलीतली राख फेकत फेकत अवजारांच्या शेडपर्यंत गेली.

तिचा बाप आधीच तिथं होता. लायमन टीबो उलट्या बादलीवर बसला होता, नाकावर चष्मा, कपाळाला दिवा, आणि मांडीवर ते पुस्तक. समोर ताडपत्री काढलेलं हिरवं यंत्र. दोन वासरं शेजारी शेजारी उभी राहतील एवढं ते धूड लष्कराच्या तळावरच्या लिलावातून त्यानं सहा वर्षांपूर्वी ओढून आणलं होतं. डिझेलवर वीज करणारं. त्याच्याबरोबर बंदुकीच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या पेटीत, ते कसं चालवायचं याचं हे जाडजूड पुस्तक आलं होतं. लायमन ते पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच पेटीत ठेवायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बाकीचं गाव चर्चमध्ये असताना, म्हातारा शेडमध्ये यंत्र लावून बसायचा. 'सरकारी म्हैस' म्हणायची कोरिन त्याला. खायला घाला, धुवा, पुसा, आणि दूध शून्य.

"डॅड, गाई ओरडतायत."

"ऐकू येतंय." लायमननं पानावर बोट ठेवलं. "तेल मोजायची पट्टी काढा. पुसा. पुन्हा घाला. पुन्हा काढा." आणि उठून तसंच केलं.

"तेल तू रविवारीच पाहिलंस ना?"

"रविवारी होतं. आज आहे का, असं पुस्तक विचारतंय."

कोरिननं दात आवळले. अडतीस वर्षांची बाई, नवऱ्याला सोडून परत आलेली, चार वर्षं एकटीनं हा गोठा ओढणारी. आणि इथं बापाच्या बोटाकडं बघत उभी होती. इंधनाच्या चाळणीतलं पाणी काढा. काढलं. पट्टा अंगठ्यानं दाबून बघा. दाबला. दोन्ही बॅटऱ्यांच्या जोडण्या हलवून बघा. हलवल्या. एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, मग करायची, मग पुढची. ओळ सोडायची नाही की दोन एकदम करायच्या नाहीत.

तेवढ्यात चाकांच्या साखळ्यांचा खळखळाट झाला आणि शेजारचा ड्वेन रशलो आत आला. साठ गाईंचा धनी, पन्नाशीचा, आवाज असा की शेडचा पत्रा थरथरावा. त्याच्या घरी नवंकोरं, लाल रंगाचं, पेट्रोलवरचं जनरेटर होतं. पण ते पडलं खेळण्यातलं. त्यावर त्याच्या आईचं ऑक्सिजनचं मशीन आणि वर एखादा दिवा चालायचा. गोठ्याचा पंप ओढायची त्यात ताकद नव्हती. म्हणून तर स्वारी 'सरकारी म्हशी'च्या दारात आली होती.

"काय, प्रार्थना चालू आहे होय?" ड्वेन म्हणाला. "संपली की सांगा, आमेन म्हणतो."

"बस," लायमन म्हणाला. "आणि खिशातला डबा बाहेर ठेवून ये."

ड्वेनच्या कोटाच्या खिशात ईथरच्या फवाऱ्याचा डबा होता. या भागात थंडीत कोणतंही इंजिन रुसलं की त्याच्या हवा ओढणाऱ्या नाकाडात दोन फवारे मारायचे, ही रीतच आहे. बापानं मुलाला चालायला शिकवावं तसं हे शिकवलं जातं.

"अरे, दोन फवाऱ्यांत मेलेलं इंजिन उठून बसतं. माझ्या बापानं आयुष्यभर..."

"तुझ्या बापाच्या ट्रॅक्टरला हीटर नव्हते. याला आहेत. आत निखारा, वरून ईथर. काय होईल? पिस्टन फुटेल." लायमननं पुस्तक त्याच्याकडं वळवलं. पानावर जाड रेघांची चौकट होती. "मोठ्या अक्षरात लिहिलंय. चष्मा देऊ?"

"ज्यांना वाचून दाखवायला लागतं त्यांच्यातला मी नाही," ड्वेन हसत म्हणाला. "मला हातानं कळतं." पण डबा बाहेर ठेवून आला.

लायमननं हीटरचा खटका दाबून धरला आणि ओठांनी आकडे मोजत राहिला. एक ते साठ. बाहेर गाई हंबरत होत्या आणि म्हातारा एक्केचाळीस, बेचाळीस करत होता. साठ झाले. खटका उलटा केला. यंत्रानं एकदा घसा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला, आणि मग एकसारखा, भरदार सूर धरला. इतकी वर्षं कोरिननं या यंत्राची टिंगल केली होती. तिनं बापाकडं पाहिलं. तो पान उलटत होता.

"आता 'चालू असताना'चं पान," तो म्हणाला.

त्या दिवसापासून हिरवं यंत्र फिरायला लागलं. चार तास टीबोंकडं, चार तास रशलोंकडं, पुन्हा टीबोंकडं. लोखंडी गाड्यावर चढवून, ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधून, पाऊण मैलाच्या रस्त्याला पाऊण तास. वाटेत पडलेली फांदी आधी करवतीनं कापायची, मग चार पावलं पुढं. दूध नेणारा टँकर येऊ शकत नव्हता. काढलेलं दूध नाल्यात सोडावं लागत होतं. गोठ्यामागं पांढरा ओहोळ गोठून राहिला होता, आणि त्याच्याकडं बघायचं नाही असं कोरिननं ठरवलं होतं. हातांच्या सांध्यांना चिरा पडल्या होत्या. रात्री ती त्यांत गाईच्या कासेचंच मलम भरायची. जेवण म्हणजे चुलीवरची घेवड्याची उसळ, हरणाचं मटण, आणि सकाळी काकवीसारख्या मेपलच्या पाकात बुडवलेली धिरडी. पलीकडच्या टेकडीवरच्या आमिश लोकांचं मात्र काही अडलं नव्हतं. त्यांच्या धर्मात वीज वापरायचीच नाही, मग जाणार कुठून? घोडागाडीतून जाता जाता ते टोपीला हात लावायचे आणि हसू दाबायचे.

प्रत्येक मुक्कामाला पुस्तक उघडायचं. लायमनचे हात कामात, म्हणून वाचायचं कोरिननं. आधी ती भराभरा, कंटाळून वाचायची. 'वाच बाई, अध्याय दुसरा,' असं ड्वेन म्हणाला की तिला पुस्तक त्याच्या डोक्यात घालावंसं वाटायचं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, बोटं बधिर झालेली, दोन रात्रींची झोप नाही, अशा वेळी तिच्या ध्यानात आलं की या पुस्तकातली वाक्यं तिला समजायला काहीच कष्ट पडत नाहीत. कुठल्या दारातून हात घालायचा, उजवा की डावा, किती आटे सोडायचे, खाली पडलेला नट कुठं घरंगळतो, सगळं होतं. चित्रात यंत्राचा एकेक तुकडा हवेत वेगळा ठेवला होता आणि प्रत्येकाला आकडा होता. एक वायसरसुद्धा अनामिक नव्हता. हे लिहिणारा माणूस शहाण्यासाठी लिहीत नव्हता. घरापासून लांब, थंडीनं कुडकुडणाऱ्या, घाबरलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरासाठी लिहीत होता. त्याला कुणी रागावू नये, त्याचा हात पट्ट्यात जाऊ नये, म्हणून लिहीत होता. तिला त्या नाव नसलेल्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

"तूही असंच वाचायचास?" तिनं बापाला विचारलं. "फौजेत?"

"मला तर वाचताच येत नव्हतं नीट," लायमन म्हणाला. "आठवी नापास. याच्यावरच शिकलो. डोंगरातल्या फौजी दवाखान्याचं यंत्र होतं माझ्याकडं, चौदा महिने. सार्जंट म्हणायचा, टीबो, तू अडलास की ते तिथं लिहिलेलं असणार. आणि असायचं." त्यानं तेलकट चिंधीनं चष्मा पुसला. चष्मा आणखी तेलकट झाला. "एकच गोष्ट तेवढी पानावर अर्ध्या ओळीत आटपलीय."

"कोणती?"

त्यानं यंत्राच्या खटक्यांच्या फळ्यावरचं, कोपऱ्यातलं लाल झाकण दाखवलं. नखाएवढं, स्प्रिंगवर बसवलेलं. "हे यंत्र स्वतःला जपतं. तेल कमी झालं, पाणी उकळलं, की आपोआप बंद होतं. या झाकणाखालचा खटका वर केला की जपणं बंद. मग ते मरेपर्यंत चालतं. लढाईसाठी ठेवलाय. हात लावायचा नाही."

त्याच संध्याकाळी लायमन अंगणात घसरला. राख संपली होती आणि म्हाताऱ्याला बादली आणायचा धीर नव्हता. पडला तो खांद्यावर. डावा हात लुळा लोंबायला लागला. कोरिननं चादर फाडून हात छातीशी बांधला. दवाखाना तीस मैलांवर आणि मध्ये आडवं पडलेलं रान. त्यानं दातांत चामडी पट्टा धरला होता. पट्टा काढल्यावर पहिला शब्द बोलला तो हा: "बंद करण्याआधी यंत्र पाच मिनिटं रिकामं, ओझ्याशिवाय चालू दे. विसरू नको."

वीज गेल्यापासूनच्या चौथ्या दिवशी कोरिन एकटीच यंत्र घेऊन रशलोंकडं गेली. सगळ्या ओळी वाचून तिनं ते लावून दिलं. ड्वेनचा गोठा घुमायला लागला, पंप चालू झाला. तिला बापाला औषध द्यायला जायचं होतं.

"तासाभरात येते. हात लावू नको."

"मी काय लहान आहे?"

ती दीड तासानं आली. यंत्र चालूच होतं, पण सुरात काहीतरी खरखर होती, तांदळात खडा यावा तशी. आणि हवेत एक गोड, दवाखान्यासारखा वास होता.

"ड्वेन, मध्येच बंद केलं होतंस?"

"डिझेल भरायला. पुन्हा लावलं की."

"कसं लावलंस?"

"कसं म्हणजे? खटक्यानं."

"ईथरचा वास येतोय."

"माझ्या हातमोज्यांना असेल. ट्रॅक्टरला मारलं सकाळी." तो गाईच्या पोटाआड वाकला. त्याचा चेहरा दिसला नाही.

कोरिन उभी राहिली. आणखी एक प्रश्न विचारायचा होता, यंत्रात मारलंस का, असा सरळ. पण तिला उभ्या उभ्या झोप येत होती, घरी शेहेचाळीस गाई होत्या, आणि या माणसाशी आयुष्यभर शेजार करायचा होता. तिनं तो प्रश्न गिळला. पुढं कित्येक दिवस तिला त्याचीच टोचणी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर तेल दोन बोटं खाली होतं. धुरात निळी झाक होती. घरी आल्यावर बापानं विचारलं, "किती?" तिनं बोटांनी दाखवलं.

"वास आला होता?" त्यानं विचारलं.

"आला होता."

तेलाचे शेवटचे तीन डबे ट्रकमध्ये टाक, तो म्हणाला.

सहाव्या दिवशी दुपारी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. सगळं रान असं लखलखलं की डोळे उघडवेनात. कोरिन रशलोंच्या गोठ्यातून यंत्र घरी न्यायच्या तयारीत होती, तेवढ्यात ड्वेन घरातून धावत आला. बर्फाच्या काचेवर दोनदा पडला, गुडघ्यांवर उठला.

"आमचं लाल बंद पडलं," तो म्हणाला. "जाम झालंय. दोरी ओढली तर हलतच नाही."

"तेल?"

"कसलं तेल?"

"ड्वेन, त्याच्यात तेल घालायचं असतं."

"नवीन आहे!" तो ओरडला. "आणल्यापासून दोन महिनेही झाले नाहीत!"

सहा दिवस रात्रंदिवस चाललेलं यंत्र, आणि पट्टी एकदाही बाहेर काढली नव्हती. त्याची पातळशी पुस्तिका अजून खोक्यातच, प्लास्टिकमध्ये सीलबंद होती. ती कोरिनला नंतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिसली.

ड्वेनची आई ओनीटा रशलो, वय चौऱ्याऐंशी, खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. नाकात नळी, पण नळीतून काही येत नव्हतं. अग्निशमनवाल्यांनी दिलेले दोन्ही सिलिंडर, लाल यंत्र पेट्रोलसाठी थांबवताना वापरून, चौथ्या दिवशीच संपले होते. ओठांचा रंग जांभळाकडं झुकला होता. बोलली मात्र तीच.

"आलीस? या गाढवानं बंद पाडलं बघ."

"बोलू नका मिसेस रशलो. श्वास घ्या."

"घेतेच आहे. मिळत नाही."

यंत्र खिडकीखाली लावलं. कोरिननं ओळी वाचल्या, सगळ्या. तेल ओतलं. खटका दाबून साठ मोजले. खिडकीतून बाई तिच्याकडं बघत होती आणि ड्वेन 'अगं चल, चल' करत होता, तरी साठच मोजले. यंत्र चालू झालं. आत ऑक्सिजनचं मशीन गुरगुरलं. ओनीटाचे खांदे खाली आले. ड्वेननं बिनतारी रेडिओवरून अग्निशमनवाल्यांना गाठलं. पुलाजवळ झाडं कापणं चालू आहे, सिलिंडर घेऊन येतोय, तीन तास लागतील, असं उत्तर आलं.

लायमनही आला. बांधलेल्या हातानं, आमिश शेजाऱ्याच्या घोडागाडीतून. घोड्याच्या नालांना खिळे होते, म्हणून तेवढीच गाडी त्या रस्त्यावर चालत होती. कुणी बोलावलं नव्हतं, पण तो यंत्राचा आवाज पाऊण मैलावरून ऐकत असावा.

चाळीस मिनिटांनी यंत्र बंद पडलं.

फळ्यावर तेलाच्या दाबाचा दिवा लागला होता. कोरिननं तेल घातलं, पुन्हा लावलं. बारा मिनिटं चाललं, बंद. शेवटचा डबा घातला. सात मिनिटं. धूर आता निळा नव्हता, काळानिळा होता, आणि आतून हातोडीनं ठोकल्यासारखा आवाज येत होता. तिनं पुस्तकातलं दोषांचं पान काढलं. दोष, कारण, उपाय. तिनं पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटच्या ओळीत उपाय होता: इंजिन खोला.

आत ओनीटाचं डोकं छातीवर कलंडलं होतं.

"डॅड," कोरिन म्हणाली.

लायमन खिडकीतून आत बघत होता. "झाकण उचल," तो म्हणाला.

"मरेल ते."

"हो."

"मग गाई? आपल्या, ह्यांच्या? शंभरावर गाई आहेत! वीज कधी येईल देव जाणे."

"कोरिन." त्याचा आवाज अगदी साधा होता. "मी एकदाच पाहिलंय ते झाकण उचललेलं. आत टेबलावर एका जखमी पोराचं पोट उघडलेलं होतं. सार्जंटनं उचललं. यंत्र एक तास दहा मिनिटं चाललं आणि फुटलं. मी रडलो, यंत्रासाठी. चौदा महिने पुसलं होतं मी त्याला. सार्जंट म्हणाला, टीबो, तीनशे पानं कशासाठी लिहिलीत असं वाटतं तुला? या अर्ध्या ओळीसाठी. उचल, कोरिन."

तिनं लाल झाकण उचललं. खालचा खटका वर केला, आणि पुन्हा साठ मोजले.

यंत्र चालू झालं आणि या वेळी थांबलं नाही. ठोकत राहिलं, धूर ओकत राहिलं, सगळ्या अंगानं हादरत राहिलं. पण आतल्या मशीनची गुरगुर तुटली नाही. ओनीटानं मान वर केली. लायमननं उजवा हात यंत्राच्या हिरव्या पत्र्यावर ठेवला होता. आजारी गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. कोरिननंही त्याच्या शेजारी उभं राहून हात ठेवला. पत्रा भाजत होता. तिला वाटलं, इतकं इमानी दुसरं काही आपण पाहिलेलं नाही.

तास गेला. ड्वेन पायऱ्यांवर बसला होता. एकाएकी तो म्हणाला, "मी मारलं होतं. ईथर. लायमन, मी मारलं होतं. हीटर तापेपर्यंत कोण थांबतंय म्हणून. लागलं चटकन, म्हणून मी हसलोसुद्धा."

ठोके चालू होते.

"शिव्या तरी दे," ड्वेन म्हणाला.

"नंतर," लायमन म्हणाला. "आत्ता ऐकू दे."

दोन तास वीस मिनिटांनी उतारावरून लाल दिवा दिसला. अग्निशमनवाली दोन माणसं सिलिंडर खांद्यावर घेऊन काचेवरून घसरत, धडपडत आली. ओनीटाच्या नळीत नवीन हवा सुरू झाली, आणि एकानं खिडकीतून अंगठा वर केला. लायमननं यंत्राचा मुख्य खटका खाली केला, म्हणजे ओझं काढलं, आणि घड्याळाकडं पाहिलं.

"काय करतोयस?" कोरिननं विचारलं.

"पाच मिनिटं रिकामं," तो म्हणाला.

ते तीनच मिनिटं चाललं. मग आत काहीतरी मोडलं, पोलादाचा एक मोठा आवाज झाला, काळं तेल बर्फावर पसरलं, आणि सगळं शांत झालं. म्हाताऱ्यानं टोपी काढली. कोरिन ढसाढसा रडली. तिनं ते लपवलंही नाही.

वीज आली ती आणखी तीन दिवसांनी. ते तीन दिवस हातांनी दूध काढलं. आमिश टेकडीवरून सकाळ-संध्याकाळ सात माणसं बादल्या घेऊन उतरायची, न बोलता स्टुलावर बसायची, काम संपलं की टोपीला हात लावून जायची. आता कुणी हसू दाबत नव्हतं. ड्वेन आपला गोठा झाला की टीबोंच्या गोठ्यात यायचा. त्याच्या बोटांना इतके फोड आले की कॉफीचा पेला तो दोन तळव्यांत धरून प्यायचा. तरी पाच गाईंच्या कासा बिघडल्या आणि टीबोंची एक चांगली दुभती गाय गेली. कोरिननं तिच्याबद्दल कुणाला बोल लावला नाही. तो न विचारलेला प्रश्न तिच्याही खात्यावर होता.

बर्फ वितळलं, मेपलचा पाक काढून झाला, चिखल वाळला. एप्रिलच्या एका रविवारी, चर्चच्या वेळेला, लायमनच्या शेडची दारं सताड उघडी होती. हिरवं यंत्र ठोकळ्यांवर चढवलेलं, पोट उघडं. खाली जुन्या चादरीवर त्याचा एकेक तुकडा मांडला होता, पुस्तकातल्या चित्रासारखा, प्रत्येकाखाली खडूनं आकडा. लायमनचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून वरचे नट कोरिन सोडत होती. दाराशी उन्हात खुर्ची टाकून, मांडीवर छोटा सिलिंडर घेऊन ओनीटा बसली होती.

ड्वेन उलट्या बादलीवर बसला होता. नाकावर लायमनचा जुना चष्मा, मांडीवर पुस्तक. तो वाचत होता, बोट ओळीखाली सरकवत, अडखळत, शाळेतल्या पोरासारखा.

"बोल्ट... उलट क्रमानं... सोडा. पिस्टन... वरच्या बाजूनं काढा."

"काढला," कोरिन म्हणाली. पिस्टनच्या कडेचा टवका उडाला होता. तिनं तो चिंधीवर ठेवला. ड्वेननं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि नजर पानावर आणली.

"पुढं," लायमन म्हणाला.

ड्वेननं पान उलटलं. तिथं जाड रेघांची चौकट होती. त्यानं घसा साफ केला. त्याचा तो पत्रा थरथरवणारा आवाज अगदी खाली गेला.

"सावधान. हे इंजिन चालू करण्यासाठी ईथर..." पुढचे शब्द ओठांतल्या ओठांत राहिले.

"ऐकू आलं नाही," दारातून ओनीटा म्हणाली. "मोठ्यानं वाच रे गाढवा. मी जिवंत आहे अजून."

ड्वेननं चष्मा वर सारला आणि ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घेतलं.